तेरा वर्षांखालील गट

लहानपणी मला नियम पाठ असत. कविता पाठ असणाऱ्या मुली वर्गात पुष्कळ होत्या, पण स्पर्धेचं नियमपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या टीपेपर्यंत घडाघडा म्हणून दाखवणारी मी एकटीच. लेझीम आणि मनोरे स्पर्धा, मुलींचा लहान गट. पथकात चोवीस मुली. वेळ आठ मिनिटं. शेवटी तीन थरांचा मनोरा, आणि पंच दहा आकडे मोजेपर्यंत तो हलता कामा नये. लंगडीत कुणी पाय टेकवला आणि 'टेकवलाच नाही' म्हणाली, की मी तिथं हजर. मैत्रिणी मागून मला फौजदारीण म्हणायच्या. मला ते ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. आता आठवलं की कान गरम होतात.

दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरची मिलो, म्हणजे लाल परदेशी ज्वारी, अजून संपली नव्हती, डब्यात तिचीच भाकरी असायची. मी आठवीत होते आणि आमच्या शाळेच्या पथकाची नायिका होते. शिट्टी माझ्या गळ्यात, हुकूम माझे. 'चार आवाज' म्हटलं की तेवीस लेझमी एकदम वाजायच्या आणि मला आपण सोलापूरच्या कलेक्टर आहोत असं वाटायचं. मनोऱ्यात मात्र माझी जागा तळाला, मधोमध. अंगानं मी थोराड. माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाय यायचा, आणि वरची मुलगी हात पसरून उभी राहिली की लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या आम्हा खालच्यांना नुसत्या ऐकू यायच्या. आमच्या डोळ्यांसमोर शेजारणीचा घामेजलेला मान-खांदा असायचा.

थोराड असायला कारण होतं. आमच्या घरी माझी दोन वयं होती, एक घरातलं आणि एक शाळेतलं. वडील सरकारी कचेरीत कारकून. माणसाच्या जन्माच्या दिवसाआधी ते त्याच्या निवृत्तीचा दिवस बघायचे. आम्ही मंगळवेढ्याला असताना मला आधी गोवर आला, मग टायफॉईड, मग वडिलांची बदली झाली. सोलापूरला येऊन नगरपालिकेच्या शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा मला सात पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. वडिलांनी कागद आणला होता पाच पूर्णचा. "पोरगी पुढे नोकरी करील न करील," ते आईला म्हणाले होते, "पण केलीच तर दोन वर्षं जास्त बसेल." यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या काळी ज्याची जन्मतारीख नक्की नाही त्याची शाळेत एक जून लिहीत. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं एक जूनची. सगळ्या सुइणींची त्या दिवशी काय धांदल उडाली असेल, देव जाणे.

गुरुजींनी कागद वाचला, माझ्याकडं खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "पाच वर्षांची? मंगळवेढ्याची ज्वारी लई अंगी लागलेली दिसती की." वडील हसले, गुरुजी हसले, आणि रजिस्टरात पाच पूर्ण लिहिलं गेलं.

माझ्या पुढेच ओळीत एक बारकी मुलगी आईचा पदर धरून उभी होती. घरी तेलुगू बोलणारे, मागावर चादरी विणणारे लोक. आईच्या कडेवर आणखी एक तान्हं. मुलीला पाचवं लागलं होतं, पूर्णसुद्धा नव्हतं. कागद काही नव्हता. कागद असला की पाच पूर्णलाही नाव लागे, पण कागद नसलेल्यांसाठी गुरुजींची एक रीत होती. मुलानं हात डोक्यावरून पलीकडे नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायचा. कान हाती लागला की सहा पूर्ण, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. त्या मुलीचे हात अंगाच्या मानानं फार लांब. तिनं कान तर धरलाच, वर कानाची पाळी ओढून दाखवली. "सहा पूर्ण," गुरुजी म्हणाले आणि एक जून लिहून मोकळे झाले. तिची आई म्हणाली, "न्हाय ओ गुरुजी, पाचवं चाललंय." गुरुजी म्हणाले, "कान धरला की सहा." नाव तर लागलं ना, मागावर जायला ती मोकळी झाली, तिनं पुढे वाद घातला नाही.

म्हणजे एकाच सकाळी, एकाच टेबलावर, एकाच दौतीतल्या शाईनं मी दोन वर्षांनी लहान झाले आणि ती सव्वा वर्षानं मोठी झाली. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. माझ्यापेक्षा अडीच वर्षांनी लहान होती ती, आणि मला अक्का म्हणायची. त्यांच्या घरी थोरल्या बहिणीला अक्का म्हणत, म्हणून. माझ्या डब्यातलं थालीपीठ ती खायची, तिच्या घरचा चिंचेचा भात मी खायची. मग मी गावातल्या मुलींच्या हायस्कूलात गेले, ती पूर्व भागातल्या तिच्या घराजवळच्या शाळेत, आणि आमची गाठ पडेनाशी झाली.

गाठ पडली ती त्या स्पर्धेत, पार्क मैदानावर. डिसेंबरचे दिवस होते. बारा शाळा आल्या होत्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकेकदा, दुसऱ्या दिवशी निवडलेल्या चार शाळांचं. पूर्व भागातल्या त्या शाळेला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं. त्यांचे पट्टेसुद्धा सारखे नव्हते, कुणाचा लाल तर कुणाचा जुन्या चादरीच्या काठाचा. पण हलगी सुरू झाली आणि ती चोवीस मुलींची रांग अशी वळली की आमच्या बाई बसल्या जागेवरून उठल्या. शेवटी मनोरा. तिसऱ्या थरावर ती चढली. जिना चढावा तशी चढली. वर गेल्यावर तिनं ते लांबच्या लांब हात पसरले आणि हनुवटी उचलून थेट समोर बघितलं. पंचांनी दहा मोजले, मग उतरायची खूण करायलाच बहुधा विसरले; शेवटी ती आपणहून खाली उतरली. नंतर टाळ्या पडल्या.

उतरल्यावर तिनं मला पाहिलं आणि तीरासारखी आली. "अक्का! बगितलीस का मला? उद्या अम्मा बी येनार हाय बगायला. माग बंद ठेवून येनार हाय."

मी तिला "छान केलंस" म्हणाले. आत मात्र आग लागली होती. आम्ही दुसऱ्या होतो, त्या पहिल्या. आणि दुसरेपणापेक्षाही जास्त मला काय झोंबलं ते आज लिहायला हरकत नाही. ती वर होती. माझ्यासारखी मुलगी जन्मभर खाली खांदे देणार, आणि माझ्या डब्यातलं थालीपीठ खाणारी ही बारकी पोर वर उभी राहून टाळ्या घेणार, हे मला सोसवेना. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

नियम नववा: जुलैअखेर तेरा वर्षं पूर्ण झालेली मुलगी लहान गटात चालणार नाही, वय शाळेच्या रजिस्टरावरून धरलं जाईल. एक जून, सहा पूर्ण, पहिलीत. मग आठवीत किती? मी बोटांवर मोजलं. तेरा वर्षं दोन महिने. त्यांच्या मास्तरांनी यादी करताना मुलींना मैदानावरच वयं विचारली असणार, ती आईनं सांगितलेलं बारा म्हणाली असणार, आणि हेडमास्तरांनी न बघता सही केली असणार. पुढे तसंच निघालं.

आमच्या बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मीच त्यांच्याजवळ गेले. "बाई, त्यांची वरची मुलगी नियमात बसत नाही."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण पोरगी तर एवढीशी दिसते ग. खरंच तेरा झालीत का तिला?"

"रजिस्टरात झालीत, बाई."

"मी खरंच विचारतेय."

"नियम नववा," मी म्हणाले. "वय रजिस्टरावरून."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझ्या दोन वयांची कल्पना नव्हती, पण माझ्या तोंडावर त्यांना काहीतरी आवडलं नाही हे मला दिसलं. तरी त्यांनी कागद दिला. हरकत लेखी हवी, पथकनायिकेच्या अक्षरात आणि सहीनं, खाली शिक्षिकेची सही. आणि हरकत कुणी घेतली ते पंचांनी जाहीर करायचं नाही, हा नियम अकरावा. तोही मला पाठ होता. त्याच्याच आडोशानं मी ते चार ओळींचं पत्र वळणदार अक्षरात लिहिलं. खाडाखोड एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही नायिकांना पंचांच्या टेबलापाशी बोलावलं, कोण आधी कोण नंतर याच्या चिठ्ठ्या उचलायला. मुख्य पंच म्हणजे काळी टोपी घातलेले, फार मृदू बोलणारे एक वयस्कर गृहस्थ. त्यांच्यासमोर पूर्व भागातल्या शाळेचं रजिस्टर उघडं पडलेलं होतं; शिपाई सायकलवरून घेऊन आला होता. त्याच्याशेजारी माझं पत्र, घडी घातलेलं, वर शाईच्या बाटलीचं वजन. त्या शाळेचे मास्तर घाम पुसत उभे होते. आणि ती, पट्टा बांधून, केसांना तेल लावून, तयार.

"बाळ, एक हरकत आली आहे," पंच म्हणाले. "तुझं वय किती?"

"बारा."

"इथं तेरा दिसतंय."

मैदानाभोवतीच्या दोरीच्या पलीकडे तिची आई उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेली. ती तिथूनच बोलली, "न्हाय ओ साहेब, माजी पोर हाय, मला ठाव न्हाय व्हय? घरात दुसरा माग आला त्या साली झाली. धाकल्याच्या वेळंला हिला चार बी पुरी नव्हती."

"बाई, तुम्ही म्हणता ते असेल," पंच म्हणाले, "पण आम्ही कागदाच्या बाहेर कसं जाणार? नियम सगळ्यांना सारखा."

तेव्हा तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिला मी दिसले. तिचा चेहरा एकदम उजळला. "अक्काला विचारा की! ही व्हती तितं. नाव घातलं तवा ही व्हती. हिला समदं ठाव हाय."

पंच माझ्याकडं वळले. माझ्या उंचीकडं, खांद्यांकडं पाहिलं. मग तिला विचारलं, "अक्का? ही तुझ्याहून मोठी आहे का ग?"

ती 'व्हय' म्हणाली असती तर पुढचा प्रश्न मला होता, आणि माझं सगळं बाहेर पडलं असतं. 'अडीच वर्सांनी मोटी हाय' एवढं तिनं म्हणायचा अवकाश होता. तिला माझं वय पक्कं माहीत होतं. आमच्या घरी तिथीनं माझा वाढदिवस व्हायचा तेव्हा ती पाटाशेजारी बसून माझी वर्षं मोजायची. तिनं माझ्याकडं पाहिलं. बारा वर्षांच्या पोरीला किती कळावं? पण तिला कळलं.

"न्हाय," ती म्हणाली. "आसंच म्हनते मी तिला."

पंचांनी मान हलवली. "बरं. मग तू सांग बाळ. तू तिथं होतीस. खरं काय?"

तिची आई दोरीला टेकून माझ्याकडं बघत होती. मास्तर बघत होते. ती तर अशी बघत होती की जणू आता सगळं मिटलंच. मला गुरुजी दिसत होते, ओढलेला कान दिसत होता, 'पाचवं चाललंय' ऐकू येत होतं. दोन शब्दांचं काम होतं.

मी म्हणाले, "रजिस्टरात आहे तेच खरं."

आवाज कापलासुद्धा नाही. हुकूम देऊन देऊन तयार झालेला आवाज होता.

ती रडली नाही. तिनं फक्त पट्ट्याची गाठ सोडायला घेतली, आणि ती सुटेना म्हणून तिची आई दोरीखालून आत आली आणि तिनं ती सोडली. पंच फार वाईट वाटून बोलत होते. पथक खेळू शकेल, पण या मुलीशिवाय. बदली मुलगी आयत्या वेळी घेता येणार नाही. मोठ्या गटात तिला पुढच्या वर्षी जरूर येता येईल. मोठ्या गटात मनोरा नव्हता. मोठ्या मुलींनी एकमेकींच्या खांद्यावर चढणं बरं दिसत नाही, म्हणून तिथं नुसती लेझीम होती. तेही पत्रकातच होतं.

त्यांचं पथक तेवीस मुलींनिशी खेळलं. हलगी तीच, वळणं तीच. शेवटी मनोरा रचला. खाली सहा, त्यांच्या खांद्यावर तीन. आणि वर कुणी नाही. मधल्या तिघींनी ठरल्याप्रमाणे हात वर केले, तिचे पाय धरायला करायच्या तसे, आणि ते हात तसेच रिकामे धरून त्या दहा आकडे होईपर्यंत उभ्या राहिल्या. बघणाऱ्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. काही पोरं हसली. ती दोरीपलीकडे आईशेजारी उभी होती आणि ओठ हलवत आकडे मोजत होती.

ढाल आम्हाला मिळाली. ती उचलायला मी गेले तेव्हा पंचांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "अंगापिंडानं चांगली आहेस हो, वयाच्या मानानं." माझ्या मनात आलं, ही ढाल इथंच टाकावी आणि पळत सुटावं. टाकली नाही. दोन्ही हातांनी धरून फोटो काढला. घरी वडिलांनी पेढे आणले. मी पोट दुखतंय म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. आईनं ओवा दिला.

शाळेत ढाल हेडबाईंच्या खोलीत लागली. तिथं जायची वेळ आली की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. बाईंनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, पण मला त्यांनी पुन्हा फौजदारीणही म्हणू दिलं नाही. कुणी म्हटलं की त्याच गप्प करायच्या. मी स्वतःला समजावत होते की नियमाप्रमाणेच झालं ना. नियमाप्रमाणे झालं होतं हे खरंच होतं. त्यातली मेख एवढीच, की तो नियम मी तिच्यापुरता उघडला आणि माझ्यापुरता मिटून ठेवला. ती 'न्हाय' म्हणून मला पाठीशी घालून उभी राहिली होती, आणि मी ते बघूनही, ते बघितल्यानंतर, ते वाक्य बोलले. आधी बोलले असते तरी परवडलं असतं असं कधी कधी वाटतं. तेही खोटंच, परवडलं नसतं.

महिन्याभरानं संक्रांतीला गावची गड्ड्याची जत्रा भरली. आईबरोबर मी बांगड्यांच्या दुकानापाशी उभी होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी वेणी ओढली. तीच होती. बरोबर आई आणि धाकटा भाऊ. मला वाटलं आता ही बोलणार, आणि खरं म्हणजे तिनं बोलावं असंच मला वाटत होतं. तिनं हातातला भाजलेल्या शेंगांचा पुडा माझ्यापुढं धरला.

"घे की अक्का. गरम हायत."

मी दोन शेंगा घेतल्या. तिची आई माझ्या आईला म्हणाली, "तुमची पोर लई घाबरली बगा त्या दिशी. साहेब लोकांनी असं विचारल्यावर पोरं काय बोलनार?" आई काहीच न कळून हसली.

"तुला राग नाही आला?" मी तिला हळूच विचारलं.

"तुजा? तुजा कशापायी?" ती म्हणाली. "मी बी घाबरलेच की. मला तर वाटलं, आता तुजं बी नाव काडत्यात. एकीचं गेलं ते बास झालं."

ती शेंग फोडून दाणे भावाच्या हातावर ठेवत होती. हात तसेच लांब, कोपरापाशी सुताचे बारीक तंतू चिकटलेले. सकाळी शाळेआधी ती आता मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसत असे, असं तिनंच सांगितलं. मग माझ्या जवळ सरकली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, "अक्का, ती हरकत कुनी घातली, तुला ठाव हाय?"

शेंगेचं टरफल माझ्या मुठीत होतं. ते मी इतकं आवळलं की तळव्याला टोचलं. माझी आई बांगड्या बघत होती, तिची आई भावाचं नाक पुसत होती. आमच्या दोघींखेरीज कुणी ऐकणारं नव्हतं, कुठलं रजिस्टर नव्हतं, कुठले पंच नव्हते.

"नाही ग," मी म्हणाले.

तिनं लगेच विश्वास ठेवला.